शाल, श्रीफळ आणि मैदान

शाळेच्या दप्तरी ज्याची नोंद शारीरिक शिक्षणाचा शिक्षक अशी होते, विद्यार्थी ज्याला पी. टी.चे सर म्हणून ओळखतात, आणि ज्याच्या गळ्यातील शिट्टी ही शाळेत घंटेखालोखाल आज्ञेची खूण मानली जाते, त्या इसमाकडून आपण नेमकी कशाकशाची अपेक्षा करतो आणि त्या अपेक्षेच्या मोबदल्यात त्याच्या पदरात काय टाकतो, हा प्रश्न गौरवसमारंभांतील भाषणांतून पुष्कळदा स्पर्शिला गेला असला, तरी जमाखर्चाच्या भाषेत तो क्वचितच मांडला गेला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या पट्ट्यात तो मांडून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एकमेकांना लागून असलेली, एकाच लोहमार्गावरची ही तीन गावे क्रीडांगणाच्या दृष्टीने तीन निरनिराळ्या युगांत वसलेली आहेत, आणि त्यामुळे शालेय क्रीडामार्गदर्शकाची कैफियत तेथे जितकी स्पष्ट ऐकू येते तितकी अन्यत्र येत नसावी. आपला समाज सन्मान देण्यात कृपण नाही. तो कृपण आहे साधने देण्यात, आणि साधनांची उणीव सन्मानाने भरून काढण्याची आपली वहिवाट इतकी जुनी आहे की ती उणीव आहे याचेही भान आपल्याला उरलेले नाही.

हा व्यवसाय आपल्याकडे उपटसुंभ नाही. खो-खोच्या नियमांना पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली रूप दिले, त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, आणि १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षणसंस्था उघडली. तालमीतला वस्ताद आणि शाळेतला ड्रिल मास्तर या दोन जुन्या पात्रांच्या संगमातून, शरीरशास्त्र शिकलेला आणि वर्ग सांभाळण्याची सनद मिळवलेला एक नवा शिक्षक निर्माण करावा, हा त्या उपक्रमांमागील संकल्प होता. संकल्प थोर होता आणि बऱ्याच अंशी तो सिद्धीसही गेला. परंतु शिक्षक घडवणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती ही की शाळा म्हटली म्हणजे तिला मैदान असणारच.

उल्हासनगरने ते गृहीत फार लवकर खोटे ठरवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली, आणि छावणीचे पाच भाग पुढे कॅम्प एक ते कॅम्प पाच या नावांनीच शहराचे अवयव बनले. डोक्यावर छप्पर, मग दुकान, मग मुलांना शाळा, हा त्या माणसांचा अग्रक्रम होता, आणि सर्वस्व सोडून आलेल्यांनी खेळाचे मैदान आधी का मागितले नाही, असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. बराकींच्या खोल्यांत शाळा भरल्या, सिंधी, मराठी, हिंदी आणि पुढे इंग्रजी माध्यमाचे वर्ग वाढत गेले, आणि सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेपर्यंत पाच लाख सहा हजारांवर माणसे दाटली. आज तेथील कित्येक शाळांचे प्रांगण म्हणजे प्रार्थनेपुरता फरसबंद चौक असतो. त्यात कबड्डीचे अंगण आखले तर प्रेक्षक तर राहोच, पंचालाही उभे राहण्यास जागा उरत नाही. संघाला खऱ्या मैदानावर उतरवायचे तर गोल मैदानासारख्या सार्वजनिक जागेकडे पाहावे लागते, आणि सार्वजनिक जागेवर सभा, मेळावे, प्रदर्शने व उत्सव यांचाही हक्क असतो. मांडवाचे खांब निघाले तरी त्यांचे खड्डे मागे राहतात, आणि पळणाऱ्या मुलाच्या घोट्याला त्यांची ओळख आधी पटते.

अंबरनाथची गोष्ट वेगळी. तेथे आगपेट्यांचा विमको कारखाना आणि स्वातंत्र्योत्तर काळात आयुधनिर्माणीची वसाहत आली. कारखान्याच्या वसाहतीबरोबर खुली जागा, नियमित पाळी आणि संध्याकाळी रिकामा असणारा बाप या तीन गोष्टीही आल्या, आणि शालेय खेळाला त्यांची किंमत बक्षिसाच्या चषकांपेक्षा अधिक असते. ही उपपत्ती थोडी धाडसाची आहे हे मान्य. तरीपण गिरणगावातील कबड्डी आणि रेल्वे वसाहतींतील हॉकी यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती अगदीच अग्राह्य वाटू नये. बदलापूर तर कालपरवापर्यंत उल्हास नदीकाठचे भातशेतीचे गाव होते. २०११ साली पावणेदोन लाखांच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची वस्ती त्यानंतर इमारतीमागून इमारत अशी वाढत गेली, आणि जेथे मुले शेताच्या मोकळ्या तुकड्यात खेळत, तेथे आता वाहनतळाच्या दोन रांगांमध्ये चेंडू अडवला जातो.

क्रीडाशिक्षकाचा हंगाम निसर्गाशी वैर धरूनच ठरलेला आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि आंतरशालेय स्पर्धांची पत्रके पावसाळ्यातच येऊ लागतात. कोकणपट्टीतला पाऊस, वालधुनीचे आणि उल्हासचे पाणी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्याही दिवशी बंद पडणारी कर्जत मार्गावरची लोकल, यांतून वाट काढत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलांचे आणि मुलींचे संघ उभे करायचे असतात. त्यातही प्रशासनाच्या रेषा चमत्कारिक. उल्हासनगर महानगरपालिका हा शालेय स्पर्धांचा स्वतंत्र घटक, तर अंबरनाथ आणि बदलापूरचे संघ तालुक्याच्या पायरीवरून जिल्ह्याकडे जाणारे. म्हणजे एका रस्त्याच्या अलीकडची शाळा आणि पलीकडची शाळा यांच्या यशाचा जिना निराळ्या ठिकाणी सुरू होतो. विभागीय आणि राज्य पातळीवर कबड्डी व खो-खो मॅटवर खेळवले जातात, सराव मात्र मातीत किंवा फरशीवर झालेला असतो, आणि मॅटवर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या मुलाला पहिली दहा मिनिटे आपलेच पाय परके वाटतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेली पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या दिवशी अभिनंदनाचे फलक चौकाचौकांत झळकले, परंतु ज्या शाळेला मॅटचा एक संच विकत घेणे परवडत नाही तिच्या स्थितीत त्या फलकांनी अणुमात्र फरक पडला नाही.

आणि हंगाम तरी त्याला संपूर्ण मिळतो काय? पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीचे संचलन त्याचे, स्नेहसंमेलनातील शिस्त त्याची, उशिरा येणाऱ्या मुलांना फाटकाशी अडवणे त्याचे, आर.एस.पी.ची, म्हणजे रस्ता सुरक्षा दलाची, जबाबदारी घेतली असेल तर रस्त्यावरची वाहतूकही त्याची, आणि गैरहजर शिक्षकाचा तास भरून काढण्यासाठी मुख्याध्यापकांची नजर सर्वप्रथम वळते ती त्याच्याकडे. निवडणुकीचा हुकूम आला की तो इतर शिक्षकांप्रमाणे त्यालाही पाळावा लागतो; मग संघ विभागीय सामन्याच्या आदल्या आठवड्यात असला तरी मतदारयाद्या पुढे आणि कबड्डी मागे. शाळा दोन अधिवेशनांत भरत असेल तर सकाळच्या मुलांचा सराव दुपारी उन्हात आणि दुपारच्या मुलांचा सकाळी झोपेत. ज्या विषयाचा पेपर बोर्डाच्या परीक्षेत गुणपत्रिका उजळवत नाही त्याची तासिका गणिताच्या शिक्षकाने मागून घ्यावी हा तर शिरस्ताच झाला आहे, आणि मागणाऱ्याच्या स्वरात अपराधीपणाऐवजी परोपकाराचा भाव असतो.

तथापि पाऊस, हुकूम आणि तासिका या अडचणी सोसण्याजोग्या आहेत. सर्वांत कठीण अडचण पालकाच्या संमतीची आहे. आठवीपर्यंत मुलगा खेळतो याचे घरात कौतुक असते, नववीत क्लासचे वेळापत्रक येते, आणि दहावीच्या वर्षी खेळणे ही जवळजवळ अविवेकाची खूण मानली जाते. मार्गदर्शकाने तीन वर्षे तयार केलेला चढाईपटू नेमका शरीर भरू लागण्याच्या वयात मैदानावरून नाहीसा होतो. त्याला थांबवून धरण्यासाठी शासनाने दोन आमिषे निर्माण केली: परीक्षेतील वाढीव गुण आणि २००५ पासून शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण. ही आमिषे निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. कित्येक पालक केवळ त्यांच्यामुळे आणखी एक वर्ष धीर धरतात. परंतु खेळाचे मूल्य दाखल्यात साठवले की दाखल्याचाच बाजार भरतो. ट्रॅम्पोलिनसारख्या फारशा न खेळल्या जाणाऱ्या प्रकारांची बनावट प्रमाणपत्रे देऊन नोकऱ्या मिळवल्याचे प्रकार राज्यात उघडकीस आले तेव्हा सर्वाधिक अपमान कोणाचा झाला असेल, तर पावसात चिखल तुडवून मिळवलेल्या खऱ्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या शिक्षकाचा. आता त्याच्या सहीकडे कचेरीतील कारकूनही संशयाने पाहतो.

या संदर्भात क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी दिले जाते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ऐकवली जाते, जणू आचरेकरांचे कर्तृत्व त्या आकड्यात सामावले होते. वस्तुतः त्यांचे कर्तृत्व दोन अगदी व्यावहारिक गोष्टींत होते. एक, मुलाला खेळायला अधिक सामने मिळतील अशा शाळेत हलवण्याचा सल्ला पालकांना देणे आणि तो त्यांना पटवणे; दोन, त्याच मुलाला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणे, म्हणजे एका दिवसात त्याच्या वाट्याला अधिक खेळ येईल. पालकाची संमती, वेळ आणि मैदान, या तिन्ही वस्तू ते स्वतः हिंडून जमा करत होते. त्यांच्याजवळ शिवाजी पार्क होते आणि भोवती आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल अशी मैदानांची मालिका होती, हे सांगण्यास मात्र आपण विसरतो. कॅम्प तीनमधल्या शिक्षकाने स्कूटर काढली तरी ती न्यायची कोठे? आणि आणखी एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे: देशाला एवढा मोठा फलंदाज देणारा हा गृहस्थ उदरनिर्वाहासाठी स्टेट बँकेत नोकरी करत असे. १९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० ची पद्मश्री ही नंतरची गोष्ट.

त्याच आचरेकरांनी सराव बुडवून मोठ्यांचा सामना पाहायला गेलेल्या सचिनला चापट मारल्याची हकिगत स्वतः सचिनने कृतज्ञतेने सांगितली आहे, आणि श्रोत्यांनी ती कौतुकाने ऐकली आहे. आज ती चापट कायद्याच्या विरुद्ध आहे. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींस मनाई केली, आणि ती मनाई योग्यच आहे, असे माझे मत आहे. कारण एका चापटीने घडलेला खेळाडू आपल्याला दिसतो, चापटीने कायमची मैदानाबाहेर गेलेली दहा मुले दिसत नाहीत. जपानमध्ये शालेय क्रीडामंडळांची परंपरा अतिशय कडक समजली जाते. तेथे ओसाका शहरातील एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर डिसेंबर २०१२ मध्ये आत्महत्या केली तेव्हा त्या परंपरेकडे सारा देश नव्या नजरेने पाहू लागला. पुढे शिक्षकांवरील कामाचा असह्य भार हाही प्रश्न ऐरणीवर आला, आणि सुट्टीच्या दिवसांचा सराव शाळेकडून स्थानिक क्रीडासंस्थांकडे सोपवण्याचे धोरण तेथील सरकारने २०२३ पासून अमलात आणण्यास आरंभ केला. इतक्या सधन राष्ट्रालाही जे ओझे एका शिक्षकाच्या खांद्यावर ठेवणे अन्याय्य वाटले, ते आपण त्याच्या निष्ठेची कसोटी म्हणून ठेवतो.

मुलींच्या संघाचा विचार स्वतंत्रपणे करणे प्राप्त आहे, आणि बदलापुरात तर तो टाळणे अशक्य आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात कित्येक तास रेल्वे रोखून धरली. त्या दुर्घटनेतील आरोपी खेळाशी संबंधित नव्हता. परंतु त्या दिवसापासून या पट्ट्यातील प्रत्येक आईच्या मनात शाळेच्या फाटकाआतील प्रत्येक पुरुषाविषयी एक प्रश्न उभा राहिला, आणि तो रास्त होता. क्रीडाशिक्षकाचे काम असे की त्याला मुलीचा खांदा योग्य कोनात आणायला सांगावे लागते, घसरून पडलेलीचा पाय पाहावा लागतो, सामना संपवून संध्याकाळच्या गर्दीत लोकलने परत आणावे लागते. आता शहाणा शिक्षक स्पर्श न करता शब्दांनी आणि स्वतः करून दाखवून शिकवतो, दौऱ्यावर शिक्षिका बरोबर असल्याशिवाय निघत नाही, आणि पालकांच्या गटावर निघाल्याची व पोचल्याची वर्दी देत राहतो. शिक्षिका मिळाली नाही तर संघ घरीच राहतो. सावधगिरीची किंमत अशा रीतीने मुलीच मोजतात, कारण व्यायामशिक्षिकेची नेमणूक करण्याची तजवीज फार थोड्या शाळांनी केली आहे. संशयाने दुखावलेल्या प्रामाणिक शिक्षकांविषयी मला सहानुभूती आहे. तथापि त्या दुखावण्याचे औषध भावनेत नाही, दौऱ्यावर दुसरी शिक्षिका पाठवण्याच्या खर्चात आहे.

मोबदल्याची बाब थोडक्यात आटोपते, कारण तेथे सांगण्यासारखे थोडेच आहे. अनुदानित शाळेत कायम झालेल्या शिक्षकाला इतरांसारखे वेतन मिळते आणि पहाटे साडेपाचच्या सरावाचा वेगळा मेहनताना नसतो. नवा उमेदवार शिक्षणसेवक म्हणून रुजू झाला तर तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढतो. माध्यमिक शाळेत ते मानधन २०२३ साली आठ हजारांवरून अठरा हजारांवर नेण्यात आले. संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकपदांच्या मंजुरीच्या, हिशेबात या विषयाचे पद टिकणे हीच मुळात चिंतेची गोष्ट, आणि विनाअनुदानित शाळांत तर मार्गदर्शक हंगामापुरता नेमला जातो व हंगामाबरोबर विसरला जातो. अमेरिकेतील माध्यमिक शाळांतही प्रशिक्षक बहुधा वर्गशिक्षकच असतो. परंतु तेथे प्रशिक्षणाच्या जादा कामाचा जादा भत्ता करारात लिहिलेला असतो. आपण तो भत्ता वार्षिक समारंभात शाल आणि श्रीफळ या रूपाने अदा करतो.

सन्मानाचा हा उशिरा येणारा स्वभाव वरपर्यंत पोचलेला आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे सर्वश्रुत आहे. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडादिन म्हणून पाळण्यास आपण अगदी अलीकडे प्रारंभ केला. खर्डेकरांची गोष्ट शिक्षकांच्या मेळाव्यात प्रेरणा म्हणून सांगितली जाते. मला ती ऐकताना दरवेळी वाटते की ही कथा खरे तर अर्थखात्याच्या बैठकीत, लाज म्हणून, सांगितली गेली पाहिजे.

असे असताना माणसे या कामात टिकतात कशी, हे कोडे नव्हे. त्यांना मिळणारे फळ गुणपत्रिकेत दिसत नाही, पण ते काल्पनिकही नाही. ज्या मुलाला वर्गात कोणी नावाने हाक मारत नाही त्याला मैदानावर टोपणनाव मिळते. कॅम्पमधल्या सिंधी दुकानदाराचा मुलगा, जीन्स शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि बदलापूरजवळच्या पाड्यावरून येणारा आदिवासी मुलगा एकाच साखळीत हात धरून चढाईपटूला अडवतात, आणि त्या पकडीत कोणाची मातृभाषा कोणती हे विचारायला सवड नसते. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जुने विद्यार्थी पहाटे पुन्हा हजर होतात: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. गोळा मानेपासून कसा सुटावा हे शिकवण्याचे कोणतेही बंधन शिक्षकावर नसते, त्यांचे नाव त्याच्या हजेरीपटावर नसते, त्यांच्या यशाची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात होत नाही. तरी तो घड्याळ हातात घेऊन उभा राहतो. निवड झालेला तरुण वर्दी घालून पेढे द्यायला शाळेत येतो तेव्हा गणिताचे सरही शिक्षकदालनातून बाहेर येऊन पाहतात. त्या वेळी होणारा आनंद थोडा मत्सरयुक्त सूडाचाही असतो, हे एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी माझ्यापाशी मिश्कीलपणे कबूल केले होते, आणि त्यांना मी दोष देत नाही.

राहता राहिला उपायांचा विचार. स्पर्धांच्या काळात क्रीडाशिक्षकाला शाळाबाह्य कामांतून मोकळे ठेवण्याचा लेखी हुकूम, मुलींच्या प्रत्येक संघामागे शिक्षिकेच्या प्रवासभत्त्याची तरतूद, तिन्ही शहरांसाठी मिळून कबड्डी-खो-खोच्या मॅटचे दोन-तीन फिरते संच, आणि सार्वजनिक मैदाने सकाळी सहा ते नऊ शाळांसाठी राखून ठेवणारी नोंदवही, या चार गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागते ती कोणीतरी पाठपुरावा करण्याची तयारी. नोंदवही ठेवली म्हणजे मांडव घालणाऱ्याला खड्डे बुजवण्याची अटही घालता येईल. उल्हासनगरात याहून अधिक काही करण्यास जागाच उरलेली नाही. बदलापुरात मात्र इमारती अजून उठत आहेत, विकास आराखड्यावर खेळासाठी राखलेल्या भूखंडांची आरक्षणे आहेत, आणि ती कायम राहतील की दुसऱ्या कारणासाठी बदलली जातील याचा निर्णय नगरपरिषदेच्या सभेत होणार आहे. हरकती आणि सूचना मागवण्याची मुदत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापून येते. ती वाचून मुदतीत अर्ज दाखल करण्याचे काम आजवर एकाही शाळेने आपल्या क्रीडाशिक्षकाला सोपवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक त्याच्या सर्व कर्तव्यांत ते पहिले असावयास हवे होते, आणि त्या अर्जावर त्याच्याबरोबर मुख्याध्यापकांची, संस्थाचालकांची आणि गणिताच्या सरांचीही सही असावयास हवी.